एका जागेचे दोन टॉलिव्हर

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी सकाळी साडेदहाला नादीन टॉलिव्हर इतकी खूश होती की तिची तिलाच भीती वाटायला लागली होती. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये शंभर घडीच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. समोरच्या टेबलावर पांढरी चादर, चादरीवर तीन कॉलेजांच्या तीन टोप्या. बरोबर बारा वाजता तिचा अठरा वर्षांचा कीनन त्यातली एक उचलून डोक्यावर ठेवणार, सगळा गाव ओरडणार, मग तो त्या कॉलेजकडून फुटबॉल खेळायच्या कागदावर सही करणार. माँटगोमेरीहून टीव्हीवाली मुलगीसुद्धा आली होती आणि आल्या आल्या तिने मक्याच्या ब्रेडचा चांगला मोठा तुकडा मागून घेतला होता, म्हणजे माणसं चांगली असावीत.

टोप्या तीन असल्या तरी त्यातली एक नुसती शोभेला होती आणि दुसरी, लाँगलीफ कॉलेजची हिरवी, नादीनने मुद्दाम टेबलाच्या पार कडेला सरकवली होती. मधे होती मार्बरी स्टेटची जांभळी. तिचा सासरा ओरन टॉलिव्हर मार्बरीकडून खेळलेला. त्याच्या दोन्ही मुलांना, थोरल्या रोलंडला आणि नादीनच्या नवऱ्याला, वेंडेलला, मार्बरीने दारातूनच परत पाठवलं होतं. आता नातू जाणार. नादीनने रात्रंदिवस हेच पाहिलं होतं: ऐंशी हजार माणसं, जांभळा सदरा, पाठीवर टॉलिव्हर.

फक्त मार्बरीचा कागद तेवढा अजून ईमेलवर आला नव्हता. कोच डॅलरिंपल ऑक्टोबरात घरी येऊन शब्द देऊन गेला होता, की कीननची जागा पक्की, बुधवारी सकाळी कागद पाठवतो. सकाळ म्हणजे अकरापर्यंत सकाळच की, असं म्हणत नादीन दर दोन मिनिटांनी फोन बघत होती.

कीनन समोर टेबलामागेच बसला होता, पण त्याला विचारायची सोय नव्हती. टॉलिव्हरांच्या घरात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. कीनन होता किकर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलात फक्त लाथेने गोल मारायला मैदानात येणारा गडी; आणि किकरने चेंडूला लाथ मारायच्या आधी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मैदानावर हे सगळेच पाळतात. दहाजण एकमेकांना मिठ्या मारत असतात आणि किकर बिचारा सुतक असल्यासारखा एकटा उभा असतो. पण टॉलिव्हरांनी ते घरात आणलं. चौऱ्याहत्तर साली ओरनने अनवाणी पायाने सत्तेचाळीस यार्डांवरून गोल मारला, त्याआधी तीन दिवस त्याच्या आईने त्याला मीठ हवंय का एवढंसुद्धा विचारलं नव्हतं म्हणे. तेव्हापासून सामना असो, परीक्षा असो की लग्नाची मागणी, आधीचे तीन दिवस सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. रविवारपासून कीननशी घरात कुणी कॉलेजबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि त्याआधीचे तीन महिने नादीनच बोलत होती, त्यामुळे तेव्हाही पोराला बोलायला फारशी फट सापडली नव्हती.

पावणेअकराला हॉलचं दार उघडलं आणि नादीनची थोरली जाऊ अर्नेस्टीन आत आली. हातात केकचं भलं मोठं खोकं, अंगात नखशिखांत जांभळा सूट.

"अगं बाई!" नादीनचे डोळेच भरून आले. "माझ्या कीननसाठी तू एवढा नवा सूट शिवलास?"

अर्नेस्टीन जागच्या जागी थबकली. "कीननसाठी?" ती म्हणाली. "कीननसाठी का शिवू?"

तिच्या मागून जॅरेल आत आला. अर्नेस्टीनचा थोरला, बावीस वर्षांचा, तीन वर्षं मिनेसोटाच्या बर्फात चेंडू मारून मारून कातडी रापलेला. नादीनला तो येणार हेच माहीत नव्हतं. त्याच्या अंगात मार्बरीचं जॅकेट होतं.

"सरप्राइज!" जॅरेल म्हणाला, पण अर्ध्यातच त्याचा आवाज बसला, कारण त्याला टेबलावरची टोपी दिसली होती.

अर्नेस्टीनने केकचं खोकं टेबलावर ठेवून झाकण उघडलं. नादीनने आपल्या खोक्याचं उघडलं. दोन्ही केक जांभळे. दोन्हींवर मार्बरीचं 'एम'. एका खाली 'आमचा कीनन' आणि एका खाली 'जॅरेल घरी आला'. बेकरीवाली मिस ओपल कोपऱ्यात उभी होती ती पटकन म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला दोघींना ठाऊक असेल!" आणि बाहेर सटकली.

"तू पोर्टलमध्ये नाव टाकलंस?" नादीनने जॅरेलला विचारलं. पोर्टल म्हणजे काय हे त्यांच्या बेल्स फेरी गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. एका कॉलेजात खेळणारं पोर त्यात नाव टाकतं आणि दुसरं कॉलेज त्याला उचलतं. पूर्वी असं करायचं तर वर्षभर बाहेर बसावं लागे, आता आज इथला, उद्या तिथला.

"जानेवारीत टाकलं, आंटी. कोच डॅलरिंपल म्हणाले बुधवारपर्यंत कुणाला सांगू नकोस. आणि आपल्यात तर तसंही..." त्याने ओठांवर बोट ठेवलं. "सही सोमवारीच झाली. मला तर वाटलं होतं की कीनन..."

"तू गप्प बस!" दोघी आया एकदम म्हणाल्या.

झालं. आता हॉलमध्ये कुणाला काही सांगायची गरज उरली नव्हती, कारण ज्याला फुटबॉल कळतं त्याला हेही कळतं की धावणारे सहा लागतात, पकडणारे दहा लागतात, पण किकर एकच लागतो. किकरची शिष्यवृत्तीही एकच. आणि ती सोमवारी गेली होती.

"वेंडेल!" नादीनने अशी हाक मारली की टीव्हीवालीने कानातलं यंत्र काढलं.

वेंडेल आणि रोलंड हे दोघे भाऊ मागच्या अंगणात मोठ्या कढईत चिकन तळत होते. दोघे आत आले, दोघांनी दोन केक पाहिले, एकमेकांकडे पाहिलं.

"जॅरेल आला? वा!" वेंडेलने पुतण्याला मिठी मारली.

"मिठी काय मारतोस त्याला!" नादीन कडाडली. "तुझ्या पोराची जागा गेली!"

"अगं, पण जागा टॉलिव्हरांतच राहिली ना," वेंडेल म्हणाला. आणि आपण काय बोललो हे कळताच म्हणाला, "चिकन करपेल," आणि निघाला. रोलंडही त्याच्यामागे गेला. दोन्ही भावांचं बायकांच्या भांडणाबाबत आयुष्यभर एकमत होतं.

म्हातारा ओरन पुढच्या खुर्चीत बसून होता. त्याच्या मांडीवर काठी, चेहरा दगडी. "पपा, तुम्हाला ठाऊक होतं?" नादीनने विचारलं.

"दोघांचंही ठाऊक होतं," ओरन म्हणाला. "कीननचं तुझ्याकडून, जॅरेलचं अर्नेस्टीनकडून."

"मग बोलला का नाहीत?"

"दोघंही किकर आहेत," म्हातारा म्हणाला. त्याच्या दृष्टीने एवढं उत्तर पुरेसं होतं.

नादीनने डोक्याला हात लावला. मग कोच डॅलरिंपलला फोन लावला. सात वेळा लावला तेव्हा उचलला आणि तिने तो सरळ स्पीकरवर टाकला, ऐकू देत सगळ्या गावाला.

"मिसेस टॉलिव्हर! मी आत्ता तुम्हालाच फोन करणार होतो!" कोच म्हणाला. "कीनन आम्हाला फार आवडतो हो. पण जॅरेल तयार खेळाडू आहे, आणि आम्हाला यंदाच जिंकायचंय. कीनन काय, लहान आहे, थांबेल तो. यंदा स्वतःच्या खर्चाने यावं त्याने, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू."

नादीनला आठवत होता तो ऑक्टोबरातला जेवणाचा दिवस, स्वयंपाकघरातलं टेबल, हाच माणूस, हीच गोड जीभ. तिने मान वर केली आणि तिला वाटलं, आता अर्नेस्टीन हसणार. हसेल नाहीतर काय, जिंकलीय ती.

अर्नेस्टीनने फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"कोच, मी जॅरेलची आई बोलतेय. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवते मी. साठ पोरं आणि मी एकटी. तेव्हा मागच्या बाकावर बसून गोडगोड बोलणारी पोरं मला पाठीला डोळे असल्यासारखी दिसतात. माझ्या जावेच्या टेबलाशी बसून तुम्ही शब्द दिलात की नाही?"

"मॅम, परिस्थिती..."

"जेवणानंतरचं ते गोड पीच कॉब्लर किती वेळा वाढून घेतलंत?"

"तीनदा," कोच म्हणाला.

"चारदा!" नादीन ओरडली.

"चारदा कॉब्लर खाऊन पाचव्या महिन्यात शब्द फिरवता? आणि तेही माझ्या पोराचं नाव पुढे करून? पोर्टलमधून तयार पोरगा सापडला की घरचं पोर बाजूला, उद्या माझ्या पोरापेक्षा तयार सापडला की माझं पोर बाजूला! लाज कशी वाटत नाही तुम्हाला! जरा विचार करा आणि शरम आली की फोन करा!" तिने फोन बंद केला आणि नादीनच्या हातात दिला. "बाई गं, त्याच्याकडे पोर पाठवताना मी हे सगळं विचारायला हवं होतं," ती हळूच म्हणाली. "पण आपल्यात विचारतात कुठे?"

नादीनला एकदम हसू फुटलं. रडायचं होतं आणि हसू फुटलं. अर्नेस्टीनलाही फुटलं. दोघी जावा, ज्या गेली एकवीस वर्षं बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरी किती यावरून एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या, त्या दोन जांभळ्या केकांच्या मधे उभ्या राहून पोट धरून हसायला लागल्या. सगळा हॉल हसायला लागला. टीव्हीवाली चित्रीकरण करतेय की नाही हे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

"पण आता पोराचं काय?" डोळे पुसत नादीन म्हणाली. घड्याळात अकरा बत्तीस झाले होते.

"लाँगलीफ," अर्नेस्टीनने टेबलाच्या कडेची हिरवी टोपी बोटाने दाखवली. "त्यांचा कोच आला होता ना तुझ्याकडे?"

आला होता. कोच ब्रूस्टर. चार तास स्वतःचा जुनाट ट्रक हाकत आला होता, आणि नादीनने त्याला कॉफीवर वाटेला लावलं होतं. कॉब्लर झाकून ठेवलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी मार्बरीवाले यायचे होते. हा बिचारा मागच्या पायरीवर कीननजवळ तासभर बसला आणि कप स्वतः विसळून ठेवून गेला. आता त्यालाच फोन करायचा म्हणजे नादीनच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. पण पोरासाठी नाक मुठीत धरायला ती कधी मागे राहिली नव्हती. तिने फोन लावला.

"जागा आहे, मॅम," ब्रूस्टर म्हणाला. त्याच्या आवाजात ना राग ना लाडीगोडी. "पूर्ण शिष्यवृत्ती. पण बारापर्यंतच. टेक्सासचा एक पोरगा पोर्टलमध्ये आहे, त्याला बाराला उत्तर द्यायचंय. तोही कुणाचं तरी पोर आहे, त्याला मी लटकत ठेवणार नाही."

"मग कागद पाठवा ना!"

"कागद कीननकडे सोमवारपासून आहेत."

"सोमवारपासून?" नादीन गरकन वळली. कीनन टेबलामागे खुर्चीत बसला होता, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. "मग त्यानं सही का नाही केली?"

"ते मी कसं सांगू? त्यालाच विचारा की."

"आमच्यात विचारत नाहीत," नादीन म्हणाली, आणि आपण किती खुळ्यासारखं बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"बरं," तो म्हणाला. "मी फोनजवळ आहे."

तिने फोन ठेवला न ठेवला तोच तो पुन्हा वाजला. डॅलरिंपल! घड्याळात अकरा एकावन्न.

"मिसेस टॉलिव्हर, मी वरती बोललो," तो धापा टाकत होता. "ती बसवाली बाई तिथे आहे का? नको, देऊ नका. ऐका. दोघांनाही घेतो. कीननलाही पूर्ण शिष्यवृत्ती, लिहून देतो. वर्षभर, फार तर दोन वर्षं जॅरेलच्या मागे बसेल, मग जागा त्याचीच. कागद पाठवलाय, बाराच्या आत सही करा. फोन ठेवू नका, मी थांबतो."

तिच्या हातातला फोन टिंग वाजला. आला होता. मार्बरीचा कागद, जांभळ्या 'एम'सकट.

नादीनने जी किंकाळी फोडली ती अंगणातल्या कढईपर्यंत गेली. "दोघं! दोघं घेतले!" अर्नेस्टीनने तिला उचललीच. दोघी गोल गोल फिरल्या. वेंडेल आणि रोलंड हातातले झारे घेऊन धावत आले, तेल ठिबकत होतं. पाद्रीबाबा टाळ्या वाजवत होते. म्हातारा ओरन खुर्चीतून उठला, काठी पडली, आणि तो काठीशिवाय उभा राहिला. "दोन," तो म्हणत होता, "मार्बरीत दोन टॉलिव्हर," आणि त्याच्या त्या दगडी चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. नादीनला वाटलं, आत्ता मेले तरी चालेल. मग वाटलं, छे, पहिला सामना बघूनच.

"छाप, छाप तो कागद!" तिने पाद्रीबाबांना सांगितलं, ते कचेरीकडे पळाले, आणि ती लेकाला मिठी मारायला वळली.

कीनन हसत होता. पण कसा? शाळेच्या फोटोत हसतो तसा. तिने केलेली सलगमची भाजी 'मस्त झालीय मम्मा' म्हणत खातो, तेव्हा हसतो तसा. अठरा वर्षं ती ते हसू ओळखत होती आणि अठरा वर्षं भाजी वाढत होती.

घड्याळात अकरा चोपन्न झाले होते. नादीन मिठी न मारताच टेबलापाशी गेली.

"कीनन," ती म्हणाली. "तुला कुठं जायचंय?"

वेंडेलच्या हातातला झारा खाली पडला.

"नादीन!" ओरन गरजला. "किकच्या आधी..."

"पपा, तुमच्या आईनं मीठ विचारलं नाही आणि तुम्ही तीन दिवस अळणी जेवलात," नादीन म्हणाली. सासऱ्याशी असं ती जन्मात बोलली नव्हती. "माझं पोर अळणी जेवणार नाही. सांग, कीनन."

कीननने आजोबांकडे पाहिलं, जॅरेलकडे पाहिलं. जॅरेलने मान हलवली, बोल म्हणून.

"लाँगलीफला," तो म्हणाला.

कुणीतरी मागे 'अरे देवा' म्हणालं.

"मार्बरीत मी दोन वर्षं जॅरेलला पाणी नेऊन देईन, मम्मा. वाईट नाही वाटणार मला, जॅरेल आहे तो. पण तेवढ्यात पोर्टलमधून आणखी कुणी येईल, मग आणखी दोन वर्षं त्याला पाणी. लाँगलीफमध्ये पहिल्या शनिवारी चेंडू मीच मारणार." तो आता थांबत नव्हता, तीन दिवसांचं, नव्हे कितीतरी दिवसांचं साचलेलं बाहेर पडत होतं. "आणि ते कोच ब्रूस्टर. पायरीवर बसून त्यांनी मला विचारलं, तुला काय हवंय. मला उत्तरच देता येईना. आधी कुणी विचारलं असतं तर सवय असती ना! तेव्हापासून मी विचार करतोय. थँक्सगिव्हिंगला जॅरेलला सांगितलं. तुलाही गेल्या शनिवारी सांगणार होतो, पण तू केकची ऑर्डर द्यायला गेली होतीस."

"मी मघाशी तेच सांगत होतो," जॅरेल पुटपुटला.

नादीनच्या आत काहीतरी तुटलं, खोटं कशाला बोला. ऐंशी हजार माणसं, जांभळा सदरा, पाठीवर टॉलिव्हर, सगळं एका क्षणात विरून गेलं. लाँगलीफच्या मैदानात सहा हजार माणसं मावत होती, आणि एका बाजूला तर नुसतं गवत होतं. तिने ओरनकडे पाहिलं. म्हातारा खाली बसला होता. मग त्याने आपला थोराड हात वर केला आणि नातवाकडे बघून एकदाच हलवला, मैदानावर पंच गोल झाल्यावर हलवतात तसा नव्हे, आपला साधा, जा म्हणून.

"कागद काढ," नादीन म्हणाली.

कीननने कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. चार घड्या घातलेला, घामाने ओलसर. त्याने सही केली. त्याच्या नावाखाली आणखी एक रेघ होती, आईच्या किंवा बापाच्या सहीची. वेंडेल पुढे झाला, पण त्याचे हात पिठाने माखलेले होते, आणि तसंही पेन नादीनने आधीच उचललं होतं. पाद्रीबाबा मार्बरीचा छापलेला कागद नाचवत दारात आले आणि तिथेच उभे राहिले. अकरा अठ्ठावन्न.

तिने सही केली. घाईत टॉलिव्हरचा शेवट रेघेबाहेर गेला. वेंडेलने पिठाळ बोटांनी कागदाचा फोटो काढून कोच ब्रूस्टरला पाठवला. कीनन उठला, टेबलाच्या पार कडेपर्यंत हात लांबवून त्याने हिरवी टोपी ओढून घेतली आणि डोक्यावर ठेवली, आणि असा हसला की नादीनला वाटलं, हे हसू मी पाहिलंच नव्हतं की काय. मग जो ओरडा झाला! जॅरेल टेबलावरून उडी मारून भावाच्या अंगावर पडला, मार्बरीचं जॅकेट एका केकात, कोपर दुसऱ्यात. अर्नेस्टीन तिच्या जांभळ्या सुटात सगळ्यात मोठ्याने ओरडत होती.

"मिसेस टॉलिव्हर?" फोनमधून कुणीतरी बारीक आवाजात म्हणत होतं. डॅलरिंपल! तो अजून फोनवरच होता. "मिसेस टॉलिव्हर, केवढा जल्लोष! झाली ना सही?"

"झाली, कोच."

"वा! मार्बरीत स्वागत!"

"लाँगलीफच्या कागदावर झाली."

"पण मी सगळं दिलं होतं," कोच म्हणाला. "हे ठरवलं कुणी?"

"ज्याला चेंडू मारायचाय त्यानं," नादीन म्हणाली, आणि फोन अर्नेस्टीनच्या हातात देऊन लेकाकडे पळाली.